दातेरी खुंट्या

तंबोरा लावायला गळा लागत नाही, अंगठा लागतो. हे मला अंगठे गेल्यावर कळलं.

तंबोऱ्याची खुंटी म्हणजे एक निमुळता लाकडी दांडा. मानेतल्या भोकात तो नुसत्या घासणीवर बसलेला असतो. उजव्या हाताने तार छेडत राहायची आणि डाव्या हाताने खुंटी आत दाबत दाबत फिरवायची, दाबणं आणि फिरवणं एकाच वेळी. दाब कमी पडला की खुंटी सर्रकन उलटी फिरते आणि तार ढिली पडते. जास्त झाला की ती अशी रुतते की हलवायला जावं तर सूर एकदम दोन घरं पुढे. त्यात आमचं सोलापूर. एप्रिलमध्ये लाकूड सुकून खुंट्या आपोआप सुटतात, श्रावणात फुगून अडतात. मग खडू लाव, पुन्हा बसव, पुन्हा सुरात आण. तीसेक वर्षं मी हे रोज सकाळी केलं आणि त्याचा मला कधी कंटाळा आला नाही, कारण मला ते फार छान यायचं. नम्रपणा दाखवायचं वय गेलं माझं, म्हणून सांगून टाकते.

मग चिकुनगुनिया आला. त्या वर्षी आमच्या गल्लीत घरटी एक तरी माणूस अंथरुणाला होतं, त्यामुळे माझ्या आजाराचं कौतुक कुणालाच नव्हतं. ताप उतरला, पण सांध्यांत बिऱ्हाड करून राहिला. गुडघे, घोटे हळूहळू मोकळे झाले. दोन्ही अंगठे आणि डावं मनगट मात्र हट्टाला पेटले. चमचा धरता यायचा, पेन धरता यायचं, पण दाबून फिरवायची कुठलीही गोष्ट जमेना. बरणीचं झाकण, नळाची तोटी, कपाटाची किल्ली, आणि खुंटी. बरणी नवऱ्याकडून उघडून घेतली की काम भागतं. तंबोऱ्याचं तसं नसतं.

त्या तापात माझ्या उशाशी बसून असायची ती अक्का. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आमचं घर दोन मजली. खाली दीर आणि ती, वर आम्ही दोघं. भावाभावांचं नवी पेठेत कापडाचं दुकान, मंद्रूपला थोडी शेती. अक्का अक्कलकोटकडची, तिच्या माहेरी घरात कानडी. मी बार्शीची. लग्न होऊन आले तेव्हा ती आधीच एका गुरुजींकडे गाणं शिकत होती. सासूबाईंनी मलाही तिच्या मागे धाडलं. एक सून गाते आणि दुसरी भांडी घासते असं घरात नको, एवढाच त्यांचा विचार होता. मी कानामागून आले आणि तिखट झाले, असं अक्का माहेरी सांगायची. खोटं नव्हतं ते.

गुरुजींनीच आम्हाला मिरजेहून तंबोऱ्यांची जोडी आणवून दिली. जोडी म्हणजे नुसते दोन तंबोरे नव्हेत. एका वेलाचे भोपळे, एका झाडाचं लाकूड, एकाच हाताची घडण. शेजारी बसून वाजवले की एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते कळू नये. एक तिच्याकडे राहिला, एक माझ्याकडे. दर सोमवारी संध्याकाळी आम्ही मठात वचनं आणि भजनं म्हणायला बसतो. दोन तंबोरे आणि टाळ, बाकी काही नाही. पेटीची साथ गुरुजींना आवडायची नाही, त्यामुळे आम्हीही कधी घेतली नाही. पेटी अक्काच्या खोलीत असते, सूर धरण्यापुरती. वर्तमानपत्रात फोटो यावा असलं आमचं गाणं नव्हे. पण आमच्या चार गल्ल्यांत 'जावाजावांचं गाणं' म्हटलं की लोक ओळखतात, आणि गाण्यापेक्षा जावाजावा एकत्र बसतात याचंच त्यांना जास्त नवल वाटतं.

गुरुजींनी दोघींना पट्टी एकच दिली होती, काळी पाच. पेटीवरची ती काळी पट्टी दाबली की जो सूर निघतो तो आमचा सा. बायकांना ही पट्टी तशी उंच जाते. ती मला पेलते याचा मला भारी अभिमान. कुणी जाणकाराने 'पट्टी कुठली?' म्हणून विचारलं की अक्का तोंड उघडायच्या आत मी उत्तर दिलेलं असायचं. तापात एकदा ती माझ्या कपाळावर ओली घडी ठेवत होती. माझी बोटं सुजून वांग्यांसारखी झाली होती. मी तिला म्हणाले, "हात जाऊ देत अक्का. गळा आहे ना माझा. काळी पाचचा आहे."  तिने घडी पिळली आणि परत ठेवली.

मी उठून बसायला लागले तशी तिने माझ्या तंबोऱ्याचं काम स्वतःकडे घेतलं. सकाळी खाली पेटीवर सूर धरून ती आधी आपला तंबोरा लावायची. मग तो सांभाळत जिना चढून वर यायची आणि त्याला जुळवून माझा लावायची. आधी खुंट्या, मग बारीक फरकासाठी तारेतले मणी, शेवटी घोडीवरचा दोरा. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली दोऱ्याचा एक तुकडा सरकवतात, तो नेमक्या जागी बसला की सूर उमलतो. हा दोरा अक्का घरातल्या जुन्या सोलापुरी चादरीच्या काठाला सुटलेल्या दशीतून ओढून काढते. दुसरा कुठलाही दोरा तिला चालत नाही. हे सगळं ती न बोलता करायची आणि मी हात मांडीवर ठेवून बघत बसायचे.

खरं सांगते, मला ते सहन होत नव्हतं. दुसऱ्याच्या हातचं जेवण गोड लागतं, दुसऱ्याच्या हातचा सा नाही लागत. त्यातून काही महिन्यांनी मला एक शंका यायला लागली. वरचा सा घेताना गळा ओढावा लागायचा. पंचमापर्यंत ठीक, पुढे मानेच्या शिरा ताठ. असं मला आयुष्यात झालं नव्हतं. मी विचार केला आणि निष्कर्ष काढला. अक्का पट्टी चढवते आहे. तिचा आवाज माझ्याहून बारीक, तिला वर सोयीचं पडत असणार. काळी पाच सोडून ती पांढरी सातवर गेली असणार. आणि खुंटीला हात लावता येत नाही अशा मला आपल्या मागून फरफटत नेत असणार. गाताना ती मध्येच खोकायची, वरच्या जागा अर्ध्यावर सोडून मला पुढे जाऊ द्यायची. त्याचाही मी अर्थ लावून ठेवला होता. मोठेपणा देते आहे, म्हणजे मी गप्प बसेन.

कुणी म्हणेल, खाली जाऊन पेटीची पट्टी दाबून बघायची होतीस. हल्ली मोबाइलही सूर सांगतो. नाही बघितलं. मला गळ्यावरून पट्टी कळते हे मी जगाला सांगत आले होते. काळी पाच माझ्या गळ्यात कुठे बसते हे मी झोपेतही सांगितलं असतं. जे मला ठाऊक आहे ते पेटीला कशाला विचारू? आणि अक्काला विचारावं तर ती म्हणणार, मग तूच लाव की. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर मिळालं ते फिजिओथेरपीच्या दवाखान्यात. तिथे कोमट मेणात हात बुडवून बसवतात. एक हात मेणात, दुसऱ्या हाताच्या बोटाने मी मोबाइल चाळत होते. त्यात एक परदेशी म्हातारे गृहस्थ दिसले. मांडीवर ल्यूट नावाचं त्यांच्याकडचं जुनं वाद्य. पाठ अर्ध्या कलिंगडासारखी, मान शेवटाला मागे मोडून टाकलेली, आणि त्या मोडक्या मानेला दोन्ही बाजूंनी खुंट्याच खुंट्या. चार खुंट्यांसाठी मी रडत होते, त्या बिचाऱ्यांना वीसेक तरी असतील. ते आपली सुजलेली बोटं दाखवत होते. इंग्रजी मला बेताचं कळतं, पण बोटं कळली.

मग त्यांनी एक सुटी खुंटी हातात धरून दाखवली. दिसायला आमच्यासारखीच, काळीभोर, लाकडाची वाटावी अशी. पण हिच्या पोटात बारीक दातेरी चाकं होती. बाहेरचा कान चार वेळा फिरवला की आतला दांडा एकदा फिरतो. दाबायचं नाही. हात काढला तरी जागची हलत नाही. त्यांनी दोन बोटांनी, करंगळी उचलून खुंटी फिरवली आणि तार हळूच सुरात आली. मोटारीखाली लावायचा जॅक असतो ना, किरकोळ अंगाचा माणूसही त्याने गाडी उचलतो, फक्त फिरवत राहावं लागतं. तशातलाच प्रकार. मेणातून हात काढायच्या आत मी ठरवून टाकलं होतं.

मुलगी जर्मनीत असते, तिला फोन केला. ती म्हणाली, "आई, हे ल्यूटसाठी आणि व्हायोलिनसाठी असतं. तंबोऱ्याचं कुठेच लिहिलेलं नाही."

"तंबोऱ्याला कुठे वाचता येतं," मी म्हटलं. "तू पाठव."

चेलो म्हणून मोठं व्हायोलिन असतं, त्याच्या जाड खुंट्या बऱ्या पडतील, एवढं तिने शोधून काढलं. सुट्टीवर येणाऱ्या कुणाबरोबर तिने चार खुंट्या पाठवून दिल्या.

मी त्या अक्काला दाखवल्या. तिने एक उचलली आणि बंद पडलेलं घड्याळ कानाशी नेतात तशी कानाशी नेऊन फिरवली. मग खाली ठेवली.

"ब्याड," ती म्हणाली. नको म्हणायचं असलं की ती कानडीत म्हणते, मराठीतलं नको तिला पुरेसं पक्कं वाटत नाही. "जोडीतल्या एकीला भोकं पाडणार व्हय?"

"भोकं आहेतच. जरा वेगळी करायची."

"आन् मान चिरली म्हंजे?"

"नाही चिरणार."

"मी लावते की रोज. तुजं कुटं अडलंय?"

"तिथंच अडलंय," मी म्हणाले. "मला माझा सा माझ्या हाताने लावायचाय अक्का. एवढंच."

हे ऐकून तिचा चेहरा उतरला. मी तो माझ्या परीने वाचला. चोरी पकडली जाणार म्हटल्यावर माणसाचा चेहरा असाच होतो, असं मला वाटलं, आणि माझा निश्चय आणखी पक्का झाला.

"थोडं दिस थांब की," ती म्हणाली. "हात येतोय तुजा."

"येऊ दे. आला की त्याला नवीन खुंट्या दाखवू."

दोन दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोललो. जेवताना मी नवऱ्याला विचारलं की तुम्हाला काय वाटतं. तो म्हणाला, दुकानात दोन बायका एकाच ताग्यावरून भांडायला लागल्या की मी तिसरा तागा काढून समोर टाकतो, तुमच्यापुढे काय टाकू. आणि ताकाची वाटी घेऊन बाहेरच्या खोलीत गेला.

मिरजेच्या कारागिराने फोनवर ऐकूनच नकार दिला. विजापूर वेशीजवळ पेट्या दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, त्यांना बोलावलं. "भाभी, पुरानी चीज को छेडना नक्को," ते म्हणाले आणि पिशवीतून हत्यारं काढून छेडायला बसले. जुनी भोकं नव्या खुंट्यांना मोठी होत होती. ती त्यांनी लाकडाच्या गोल तुकड्यांनी बुजवली, सरस वाळू दिला, आणि पुढल्या खेपेला येऊन त्यात बेताची, निमुळती भोकं कोरली. कोरताना मानेतून बारीक भुसा माझ्या चटईवर पडत होता. तो मी एका कागदावर गोळा करून ठेवला, फेकवला नाही.  अक्का दारात उभी होती. चाचांना तिने चहा दिला, मला दिला नाही.

"देखो अक्का, कैसी बैठी," चाचा म्हणाले.

"बगितली की," ती म्हणाली आणि खाली निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अक्का वर यायच्या आधी, मी तंबोरा जवळ घेतला. पहिल्याच तारेला मी सवयीने खुंटी आत दाबली आणि अंगठ्यातून निघालेली कळ खांद्यापर्यंत गेली. आता दाबायचं नाही, हे मला ठाऊक होतं, पण हाताला कुणी सांगितलं नव्हतं. कळ जिरेपर्यंत थांबले. मग अंगठा नुसता टेकवून बोटाने कान फिरवला. काहीच झालं नाही असं वाटलं. आणखी फिरवला. एवढ्या फिरवण्यात लाकडी खुंटीने तार कधीच तोडली असती. इथे सूर मुंगीच्या पावलांनी वर येत होता.

मी डोळे मिटले. पेटी नाही, मोबाइल नाही, नुसता गळ्यातून सा म्हटला आणि तार त्याच्याकडे आणली. ती आली आणि थांबली. हात काढला तरी तिथेच. मग तिच्याच सुराची दुसरी जोडतार लावली, मग खर्ज, मग पंचम. दोरा सरकवला. चारही तारा एकीमागून एक छेडल्या आणि खोली भरली.

मी रडले. रडताना वाजवत राहिले. इतका आनंद मला मुलगी झाली तेव्हा झाला होता, त्यानंतर तेव्हाच. सा अगदी मऊ बसला होता. वरच्या सापर्यंत गळा न अडखळता गेला आणि तिथे हवा तेवढा वेळ उभा राहिला. ही माझी काळी पाच, मी स्वतःशी म्हटलं. अक्काने मला कुठे नेऊन ठेवलं होतं.

थोड्या वेळाने ती आपला तंबोरा घेऊन वर आली. बसली. तिने छेडला, मी छेडला. न जुळलेले दोन तंबोरे ज्यांनी ऐकले नसतील त्यांना सांगते, एका चुलीशी उभ्या राहून दोन जावा एकाच वेळी वेगवेगळं बोलत असतात तसं वाटतं. माझा तंबोरा तिच्याहून चांगलाच खाली होता.

"बघ," मी म्हणाले. "कुठे होता आणि कुठे आला."

ती भांडेल म्हणून मी तयारीत होते. तिने फक्त विचारलं, "ह्यो बरा वाटतोय तुला?"

"हाच माझा आहे."

"मग ऱ्हाऊ दे."

ती आपल्या खुंट्यांकडे वळली. खडू काढला, एकेक तार उतरवली आणि बघता बघता माझ्याशी मिळवून घेतली. लाकडी खुंट्यांवर तिचा हात कसा चालतो हे मी रोज बघत होते, त्या दिवशी पहिल्यांदा रागाशिवाय बघितलं.

मग आम्ही गायलो, आणि तिथे माझा अंदाज चुकायला लागला. माझ्या हिशेबाने खालच्या पट्टीत अक्काला जड जायला हवं होतं. झालं उलटंच. कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता असा तिचा आवाज मोकळा सुटला. एकही जागा तिने अर्ध्यावर सोडली नाही. संपल्यावर खोकली नाही. तंबोरा भिंतीला टेकवून ती म्हणाली, "चला, चटणी कुटायची हाय," आणि गुणगुणत जिना उतरली.

जिला वरची पट्टी सोयीची, ती खाली एवढी सुखात कशी? मला काही ते पटेना. मी माझा तंबोरा उचलला आणि तिच्या मागोमाग खाली गेले. मला पुरावा हवा होता. ती स्वयंपाकघरात खलबत्त्याशी बसली होती, खोलीत कुणी नव्हतं. पेटीचा भाता मारला, काळी पाच दाबली आणि तंबोरा छेडला.

मिळाला नाही. पेटी वर बोलत होती, तंबोरा खाली.

बोट चुकलं असेल म्हणून पट्ट्या पुन्हा मोजल्या. काळी पाचच होती. मग एकेक पट्टी खाली येत गेले. पांढरी सहा. नाही. काळी चार. पेटी आणि तंबोरा एक झाले.

पेटी बिघडली असेल, असंही मनात आलं. पण तिचे सूर चाचांनी दिवाळीच्या आधीच तपासून दिले होते. आणि हे अंतर माझ्या कानाला ओळखीचं होतं. सकाळी अक्काचा तंबोरा माझ्याहून वर होता तो एवढाच. म्हणजे तिने पट्टी कधी चढवलीच नव्हती. रोज सकाळी ती काळी पाचच जिन्यावरून वर आणत होती. उतरला होता तो माझा गळा. मी गळ्यावरून पट्टी मोजत होते आणि माप स्वतःच आखडलेलं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी आजवर किती जणांना ऐकवली असेल.

खलबत्त्याचा आवाज थांबला होता. अक्का दारात उभी होती, हात शेंगाचटणीने लाल.

"कळलं व्हय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"माजा आदी उतरला. तुज्या तापाच्याबी आदी. तुजा तापानंतर."

"तुझाही?"

"मी थोरली हाय की."

"मग काळी पाचवर कशाला ओढत होतीस? स्वतःलाही आणि मलाही. उतरवायची ना. खुंटी तुझ्याच हातात होती."

तिने पदराला हात पुसले. तिखटाचे हात ती पदराला कधी पुसत नाही. "तूच म्हणालीस न्हवं तापात," ती म्हणाली. "हात जाऊ देत, गळा काळी पाचचा हाय म्हणून. तेवडंच ऱ्हायलं हुतं तुज्याकडं. त्ये मी कसं खाली आणू?"

मी पेटीचा भाता बंद केला.  तिच्या खोकल्याचा, सोडून दिलेल्या जागांचा, उतरलेल्या चेहऱ्याचा अर्थ एकापाठोपाठ एक जागेवर येऊन बसला. माझी शेखी राहावी म्हणून ही बाई स्वतःचा गळा फाडत होती. आणि मी मनात तिच्यावर खटला चालवत होते. मला तिचा रागही आला. असं कुणी प्रेम करतं का, की समोरच्याला पत्ता लागू नये?

"म्हणून खुंट्या नको म्हणत होतीस?"

"तू लावल्यावर कळणारच की," ती म्हणाली. "चटणी खाशील? ताजी हाय."

मी तिथेच पेटीशी बसून भाकरी आणि चटणी खाल्ली. ती लई तिखट झाली होती. दोघींच्या डोळ्यांतलं पाणी चटणीच्या नावावर खपून गेलं.

दुसऱ्या दिवशी अक्का वर आली ती तंबोरा न लावताच. माझ्यासमोर मांडी घातली. "तू धर सूर," ती म्हणाली. "मी मिळवते."

मी काळी चार लावली आणि तिला म्हणून बघायला सांगितलं. तिने सा म्हटला, मग वरचा सा. लागला. पण तिच्या मानेवरची शीर मला दिसली. आदल्या दिवशीही असणार, तेव्हा मी माझंच ऐकत होते.

"आणखी खाली हवाय?"

"न्हाय. बरा हाय की."

"अक्का."

"जरासा," ती म्हणाली. "लई न्हाय."

मी खुंटी उलटी फिरवायला लागले, न दाबता, बोटाच्या टोकांनी. तिला म्हणत राहा म्हटलं. सूर मुंगीच्या पावलांनी उतरत होता आणि मी तारेकडे नाही, तिच्या मानेकडे बघत होते. एका ठिकाणी ती शीर दिसेनाशी झाली. तिथे मी हात काढला. खुंटी जागची हलली नाही. मग अक्काने खडू घेतला आणि आपला तंबोरा माझ्या तंबोऱ्याला मिळवला.

नंतर मी तो सूर पेटीवर शोधला. काळी चारच्या खाली, पांढरी पाचच्या वर. दोन पट्ट्यांच्या मध्ये. पेटीवर तो नाहीच.

त्यानंतरच्या एका सोमवारी मठात बाहेरगावचे एक पेटीवाले उतरले होते. आमचे तंबोरे बघून ते उत्साहाने पुढे सरकले, साथ करतो म्हणाले, आणि भात्यावर हात ठेवून मला विचारलं, "पट्टी कुठली आपली?"

अक्काने माझ्याकडे बघितलं. या प्रश्नाचं उत्तर मी कधी उशिरा दिलं नव्हतं.

"तुमच्या पेटीत नाही ती," मी म्हणाले. "आज तुम्ही ऐकायला बसा."

त्यांनी पेटी मिटली. अक्काने दशीचा दोरा सरकवला, मी खुंटीवरचा हात काढला, आणि आम्ही दोघी सुरू झालो.